जुना कॉम्प्युटर, हार्ड डिस्क आणि ड्रायव्हर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण २००५ ते २०१५ या काळात घेतलेल्या डेस्कटॉपसाठी हे पान आहे. म्हणजे पेंटियम डी, कोअर टू ड्युओपासून चौथ्या पिढीच्या आय-३, आय-५ पर्यंत. आणि त्यांवर विंडोज एक्सपी, सेव्हन किंवा टेन. अशी मशीन अजून भरपूर चालतात. डीटीपीवाल्याकडे जुन्या मराठी फॉन्टच्या पॅकेजसाठी, दुकानात हिशेबासाठी, सोसायटीच्या ऑफिसात मेन्टेनन्सच्या पावत्यांसाठी. 'नवीन घ्या' हे उत्तर इथे मिळणार नाही.

कॉम्प्युटर सारखा अडकतो. हार्ड डिस्क गेली की ड्रायव्हर बिघडला, हे कसं ओळखायचं?

ड्रायव्हर म्हणजे एखादी वस्तू कशी चालवायची हे विंडोजला सांगणारं छोटं सॉफ्टवेअर. दोन्हीची लक्षणं वरवर सारखीच दिसतात, म्हणून तर इतके लोक चांगली डिस्क फेकून देतात आणि खराब डिस्कवर पुन्हा विंडोज टाकतात.

डिस्कचा त्रास असेल तर अडकणं जागेला बांधलेलं असतं. ठरावीक फोल्डर उघडलं की माऊस थिजतो, कॅबिनेटवरचा लाल दिवा न लुकलुकता पेटून राहतो, मिनिटाभराने सगळं पुन्हा सुरू. ड्रायव्हरचा त्रास बहुधा एखाद्या घटनेला बांधलेला असतो: परवा अपडेट आलं, काल नवा प्रिंटर जोडला, आणि तेव्हापासून निळी स्क्रीन. त्या निळ्या स्क्रीनवर 'डॉट एसवायएस' ने संपणारं फाइलचं नाव असेल तर ते फोनवर टिपून ठेवा, निम्मा तपास तिथेच होतो. सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक ड्रायव्हरवर, मशीन तासभर शांत चालत असेल, तर संशय ड्रायव्हरवर जास्त.

मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडा, 'विंडोज लॉग्ज' मधलं 'सिस्टिम' बघा. 'डिस्क' या नावाने ७ नंबरची नोंद म्हणजे डिस्कवर वाचता न येणारी जागा आहे. ५१ म्हणजे मेमरीतलं पान डिस्कवर नेता-आणताना चूक झाली, ५५ म्हणजे फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची मांडणी, विस्कटली. ११ आणि १२९ मात्र फसवे आहेत. डिस्क उत्तर देत नाही एवढंच ते सांगतात. दोष केबलचा, एसएमपीएसचा (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याचा), कंट्रोलरच्या (मदरबोर्डवरच्या डिस्क सांभाळणाऱ्या चिपच्या) ड्रायव्हरचा किंवा डिस्कचाही असू शकतो.

आणखी खात्री हवी असेल तर पेन ड्राइव्हवर लिनक्स टाकून मशीन त्यावरून सुरू करा, इन्स्टॉल न करता. साउंड, लॅन, डिस्प्ले तिथे नीट चालले तर हार्डवेअर ठीक, भांडण विंडोजच्या ड्रायव्हरचं. डिस्क तिथेही अडकली तर ड्रायव्हरवरचा आळ उतरला.

सगळ्यात आधी काय करू?

कॉपी. तपास नंतर, दुरुस्ती त्याच्याही नंतर.

कॉपीलाही क्रम असतो. पूर्ण 'डी' ड्राइव्ह उचलून दुसरीकडे ओढायचा नाही, कारण मध्येच एखाद्या खराब फाइलवर अडकलं की महत्त्वाचं तसंच राहून जातं. ज्याची दुसरी प्रत जगात नाही ते आधी: टॅलीचं डेटा फोल्डर, पानं जुळवायच्या पेजमेकरच्या फाइली, घरचे फोटो. मग मराठीचे जुने फॉन्ट, कारण पेजमेकरची फाइल वाचली पण तिचा फॉन्ट गेला तर पानावर नुसती चिन्हं दिसतात. सिनेमे आणि गाणी सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.

'स्मार्ट' रिपोर्ट कसा बघायचा?

प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःजवळ ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. ती वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. उघडल्यावर निळा चौकोन दिसला तर ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. पण चौकोनावर थांबू नका, खालची यादी वाचा.

यादीत डावीकडे दोन अक्षरी क्रमांक असतात. ०५ म्हणजे खराब झालेल्या ज्या जागांच्या बदल्यात डिस्कने राखीव जागा वापरल्या त्यांची संख्या. सी-५ म्हणजे सध्या वाचता न येणाऱ्या, निकाल न लागलेल्या जागा. सी-६ म्हणजे डिस्कने स्वतः तपासून 'नाही जमत' म्हणून सोडलेल्या. सी-७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या वाटेत झालेल्या चुका. बाकीच्या ओळी सध्या सोडून द्या. सुरुवातीलाच 'रीड एरर रेट' समोर काही कंपन्यांच्या डिस्कवर अवाढव्य आकडा दिसतो आणि लोक घाबरतात. कंपनी तो आकडा आपल्या पद्धतीने रचून ठेवते, त्याचा सरळ अर्थ लावता येत नाही.

एक बारकावा. उजवीकडचा 'रॉ व्हॅल्यूज' चा रकाना सुरुवातीला सोळाच्या पद्धतीत असतो. तिथे १० दिसलं तर ते आपले सोळा असतात. मेनूत 'फंक्शन', मग 'अॅडव्हान्स्ड फीचर', मग 'रॉ व्हॅल्यूज' असं जाऊन दहाची पद्धत निवडा, म्हणजे घोळ होणार नाही.

यूएसबीच्या डब्यात बसवलेल्या डिस्कचा रिपोर्ट कधीकधी येतच नाही. डब्यातली चिप तो पुढे पाठवत नाही. अशी डिस्क काढून सरळ मदरबोर्डला जोडून बघावी.

पिवळा 'कॉशन' आलाय. अजून किती दिवस चालेल?

कोणी दिवस सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. बघायचं ते आकडा वाढतो का. ०५ समोर ८ आहे आणि महिनोन् महिने ८ च आहे, अशा डिस्क बऱ्याच चालतात. त्यावर सिनेमे ठेवा, हिशेब नको. आज ८, आठवड्याने ४०, त्यापुढे २०० असं असेल तर ती डिस्क संपली, फक्त तिने अजून कळवलेलं नाही.

सी-५ चं वेगळं. वाचता न आलेल्या जागेवर काही नवं लिहिलं गेलं की डिस्क निकाल लावते: जागा चांगली निघाली तर आकडा उतरतो, नाही निघाली तर ती जागा बदलली जाते आणि ०५ चा आकडा चढतो. लाइट अचानक गेल्यामुळे लिहिणं अर्धवट राहिलं तरी सी-५ वर एखाददुसरी नोंद पडते. म्हणून डेटा काढून झाल्यावर अशी डिस्क पूर्ण फॉरमॅट करून, म्हणजे 'क्विक' ची खूण काढून, पुन्हा रिपोर्ट बघायला हरकत नाही. सी-५ शून्य आणि ०५ जागच्या जागी असेल तर दुय्यम कामाला ठेवा.

सी-७ चा आकडा वाढतोय, बाकी सगळं शून्य. डिस्क बदलू?

नको. आधी साटाची केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी डेटा केबल, बदला. जुनी केबल दिसायला ठणठणीत असते, पण तिच्या टोकाचं प्लास्टिक सैल झालेलं असतं आणि कॅबिनेट सरकवलं, मागे झाडू लागला, एवढ्याने ती अर्धा मिलिमीटर हलते. पकडीची पत्री क्लिप असलेली केबल घ्या. बदलल्यावर सी-७ शून्यावर येत नाही, तो आजवरचा एकूण हिशेब असतो. तिथून पुढे वाढत नाही ना, एवढंच बघायचं.

डिस्कमधून टकटक आवाज येतो. डीप फ्रीजमध्ये ठेवली तर चालते म्हणतात?

ठेवू नका. टकटक म्हणजे वाचणारं हेड आपली जागा शोधतंय, ती सापडत नाही आणि ते मागे जाऊन पुन्हा येतंय. अशा वेळी चालू ठेवलेलं प्रत्येक मिनिट तबकडीवर ओरखडा पाडू शकतं. फ्रीजमधून बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर नक्कीच. उघडून बघणं तर दूरच. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं, धुळीचा कण त्याच्यापुढे डोंगर असतो. डेटा हवा असेल तर वायर काढा आणि स्वच्छ खोली असलेल्या रिकव्हरीवाल्याकडे द्या. खर्च बराच येतो, तेव्हा डेटाची किंमत आधी स्वतःशी ठरवा.

लॅपटॉपच्या आकाराची छोटी बाहेरची डिस्क बारीक 'पीं पीं' करत असेल आणि फिरत नसेल, तर एकदा कॅबिनेटच्या मागच्या यूएसबीला आखूड केबलने लावून बघा. पुढच्या पोर्टला वीज कमी पोहोचते. तरीही पीं पीं असेल तर हेड तबकडीला चिकटलं किंवा मोटर अडकली असं समजा आणि थांबा.

समुद्राकाठच्या गावांत आणखी एक गोष्ट बघायला मिळते. डिस्कच्या खालची हिरवी पाटी आणि डिस्कचं अंग यांच्यामधले संपर्काचे ठिपके खाऱ्या दमट हवेने काळे पडतात आणि डिस्क धड दिसत नाही. स्क्रू काढून ते ठिपके पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसले की काही डिस्क पुन्हा बोलू लागतात. पण हे डिस्क दिसत नसेल आणि आवाज साधा असेल तेव्हाच. ठोके पडणाऱ्या डिस्कला याचा काही उपयोग नाही.

चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवू का?

फाइल सिस्टिम विस्कटली असेल आणि डिस्क निरोगी असेल तर जरूर. लाइट गेल्यावर मशीन बंद पडलं आणि आता एखादं फोल्डर उघडत नाही, यावर ते बरोबर औषध आहे. ड्राइव्हवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक'.

स्मार्टमध्ये सी-५ चा आकडा असताना मात्र 'बॅड सेक्टर शोधा' वाला पर्याय लावू नका. तो डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचत बसतो, आणि मरणाऱ्या डिस्ककडून नेमकी तेवढीच मेहनत करून घ्यायची नसते. शिवाय चेकडिस्कला तुमच्या फाइलींची माया नाही. त्याला फाइल सिस्टिम सुसंगत करायची असते, त्यासाठी तुटलेल्या नोंदी तो छाटतो आणि तुकडे भलत्याच नावाने एका फोल्डरात टाकतो. आधी प्रत, मग चेकडिस्क.

मग अशा डिस्कची प्रत काढायची कशी? विंडोजमध्ये कॉपी दर वेळी अडकते.

लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू. विंडोज खराब जागेवर अडून बसतं, पुन्हा पुन्हा तेच वाचायला जातं. डीडीरेस्क्यू आधी जे सहज येतंय ते सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतं, अवघड भाग मागे ठेवतं आणि शेवटी तिथे परत येतं. कुठवर आलो याची नोंद ते एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. म्हणून मध्येच लाइट गेली तरी पुढे चालू करता येतं. फक्त ती मॅप फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा, लिनक्सच्या तात्पुरत्या जागेत नको, तिथलं सगळं मशीन बंद होताच जातं.

दुसरी डिस्क आधीच्या एवढी किंवा मोठी हवी. आणि कोणती डिस्क 'कुठून' आणि कोणती 'कुठे' हे कमांड दाबण्याआधी डिस्कच्या साइजवरून आणि सिरियल नंबरवरून ताडून बघा. उलटं झालं तर ते परत आणता येत नाही.

'डिस्क फॉरमॅट करा' असा मेसेज येतो. करून मग रिकव्हरी चालवू का?

'कॅन्सल' दाबा. विंडोजला विभागाची (सी, डी अशा ड्राइव्हची) सुरुवातीची नोंद वाचता आली नाही की तो मेसेज येतो, आत फाइली बहुधा जशाच्या तशा असतात. स्मार्ट बघा. डिस्क निरोगी असेल तर टेस्टडिस्कने ती नोंद पुन्हा बांधता येते, आणि ते जमलं नाही तर त्याच्याच जोडीचं फोटोरेक फाइली उचलून देतं, नावं मात्र हरवतात. उचललेल्या फाइली त्याच डिस्कवर ठेवायच्या नाहीत, हे सांगायला हवंच.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) डिस्क कधी दिसते, कधी नाही.

साटाची केबल, साटाचं पोर्ट, विजेचं कनेक्टर, या क्रमाने एकेक बदलून बघा. एका वेळी एकच. सगळं एकदम बदललं तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

मग एसएमपीएस. दहा वर्षं जुन्या मशीनमध्ये याच्यावर संशय उशिरा घेतला जातो आणि दोष बरेचदा इथेच निघतो. मल्टीमीटर असेल तर विजेच्या पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट आणि लालवर ५ व्होल्ट हवेत. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६ आणि ४.७५ ते ५.२५. रिकामं असताना बरोबर आणि डिस्क फिरायला लागताच खाली, असं दिसलं तर एसएमपीएस बदला. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची डोकीही बघा. सपाट हवीत. फुगलेली, वर तपकिरी थर आलेली असतील तर डिस्क दहा वेळा बदलूनही फरक पडणार नाही. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांत खराब कपॅसिटरचा घोळ जगभर झाला होता.

साटाच्या आधीची आयडीईची रुंद पट्टी असेल तर डिस्कच्या मागचं जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, बघा. एका पट्टीवर डिस्क आणि सीडी ड्राइव्ह दोघंही 'मास्टर' असतील तर दोन्ही गायब होतात. ऐंशी तारांच्या पट्टीचं निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला.

आणि एक दुर्मीळ पण डोकं खाणारी गोष्ट : व्हीआयए कंपनीचा व्हीटी-८२३७ चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिप) असलेल्या बोर्डांना वेगवान साटा-२ डिस्कशी बोलणी जमत नाहीत. डिस्कच्या मागे वेग दीड गिगाबिटवर बांधून ठेवणारं जंपर असतं, ते लावलं की दिसते. तशी सोय नसलेली नवी डिस्क त्या बोर्डावर चालवायच्या भानगडीत पडू नका.

रोज सकाळी तारीख मागे गेलेली असते आणि आज विंडोज सुरूच होईना. निळी स्क्रीन येते, कोडच्या शेवटी ७बी आहे.

दोन्हीचं मूळ एकच असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते मदरबोर्डवरच्या बटणासारख्या सेलमध्ये आहे. सीआर-२०३२, तीन व्होल्ट, घड्याळवाल्याकडेही मिळतो. तो संपला की बायोस रात्रीत आपल्या सगळ्या सेटिंग विसरतो. त्यातली एक सेटिंग म्हणजे साटा कोणत्या पद्धतीने चालवायचं: जुनी आयडीई की नवी एएचसीआय. विंडोज एका पद्धतीत इन्स्टॉल झालेलं असतं, सुरू होताना त्याच पद्धतीचा ड्रायव्हर उचलतं, समोर दुसरीच पद्धत दिसली की स्वतःचीच डिस्क त्याला सापडत नाही. ७बी चा अर्थ एवढाच. डिस्क ठणठणीत असते आणि दुकानात मात्र 'हार्ड डिस्क गेली' म्हणून नवी बसवून मिळते!

सेल बदला, बायोसमध्ये जाऊन साटाची पद्धत पूर्वी होती ती करा, तारीख लावा, सेव्ह करा. पूर्वी कोणती होती आठवत नसेल तर दोन्ही करून बघा. सुरू होईल ती बरोबर. तारीख चुकीची असेल तर ब्राउझरही सगळ्या साइटना 'असुरक्षित' म्हणत बसतो, ते वेगळं दुखणं समजू नका.

मुद्दाम आयडीईवरून एएचसीआयवर जायचं असेल, एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिप असलेली डिस्क) बसवताना जावंच, तर आधी विंडोजला तयार करा. टेनमध्ये 'रन' मधून एमएसकॉन्फिग उघडून 'सेफ बूट' ला खूण करा, रीस्टार्ट होताना बायोसमध्ये पद्धत बदला, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, मग खूण काढा. सेव्हनमध्ये रजिस्ट्रीतल्या सर्व्हिसेसमध्ये 'एमएसएएचसीआय' च्या खाली 'स्टार्ट' ची किंमत शून्य करायची आणि मग बायोस बदलायचं.

एक्सपी टाकताना 'हार्ड डिस्क सापडत नाही' म्हणतं.

एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नाही. सरळ उपाय : बायोसमध्ये साटा आयडीई पद्धतीवर न्या. त्या काळी इन्स्टॉल सुरू होताना एफ-६ दाबून फ्लॉपीतून ड्रायव्हर द्यायचा असे. आता फ्लॉपी शोधण्यापेक्षा एनलाइट हे सॉफ्टवेअर वापरून तो ड्रायव्हर सीडीतच मिसळलेला बरा.

एक्सपीवर डिस्क एकाएकी फारच हळू झाली. सीपीयू शंभर टक्के, स्मार्ट मात्र स्वच्छ.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'प्रायमरी आयडीई चॅनल' उघडा, 'अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज' मध्ये 'करंट मोड' वाचा. तिथे 'पीआयओ' लिहिलेलं असेल तर कारण सापडलं. वाचताना वारंवार चुका झाल्या की विंडोज सावधगिरी म्हणून डिस्कचा वेग एकेक पायरी उतरवतं आणि शेवटी पीआयओवर येतं, जिथे प्रत्येक बाइट प्रोसेसरला स्वतः वाहावी लागते. परत वर मात्र ते आपण होऊन चढत नाही. तो चॅनल 'अनइन्स्टॉल' करा आणि रीस्टार्ट करा, विंडोज त्याला नव्याने ओळखून पूर्ण वेग देतं. काही दिवसांत पुन्हा पीआयओ झालं तर पट्टी बदला.

जुन्या मशीनला नवी मोठी डिस्क लावली, पूर्ण जागा दिसत नाही.

१३७ जीबीवर अडकली असेल तर विंडोज एक्सपी पहिल्या सर्व्हिस पॅकच्या आधीचं आहे किंवा बायोस तितकं जुनं आहे. २.२ टीबीवर अडकली असेल तर ती विभागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीची मर्यादा. त्यापुढे जीपीटी या नव्या पद्धतीचं कोष्टक लागतं, आणि ३२ बिटच्या एक्सपीला ते वाचता येत नाही. दुय्यम डिस्क म्हणून सेव्हन आणि टेनला जीपीटी चालतं, पण त्यावरून विंडोज सुरू करायला यूईएफआय, म्हणजे नव्या प्रकारचं बायोस, हवं.

एक्सपीत विभाग पाडल्यामुळे नवी डिस्क हळू चालते, हेही होतं. एक्सपी विभागाची सुरुवात ६३ व्या सेक्टरवर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) करतं, आणि ४ किलोबाइटच्या सेक्टरच्या डिस्कवर ती नेमकी तिरकी, कप्प्याच्या मध्येच, पडते. विभाग सेव्हन किंवा टेनमध्ये पाडून घ्या आणि मग एक्सपीच्या मशीनला लावा.

विंडोज टेनवर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कायम १०० टक्के.

तिथेच 'परफॉर्मन्स' मध्ये 'अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' बघा. वेग सेकंदाला १ एमबीही नाही आणि रिस्पॉन्स हजारो मिलिसेकंद, असं असेल तर स्मार्टकडे परत या. वेग ठीक असेल आणि रॅम २-४ जीबीच असेल, तर विंडोज रॅमची कमतरता डिस्कवर भागवतंय, रॅम वाढवा.

काही बोर्डांवर तिसरंच कारण निघतं. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा 'स्टोरएएचसीआय' ड्रायव्हर आणि कंट्रोलरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं कायमचं सॉफ्टवेअर) यांचं जमत नाही, डिस्क रिकामी बसलेली असूनही १०० दिसते. चिपसेटच्या कंपनीचा ड्रायव्हर टाकून बघा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आहे, नाव 'अननोन डिव्हाइस'. कोणता ड्रायव्हर हवा हे कसं कळणार?

डबल क्लिक करून आधी कोड वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हर नाहीच. १० म्हणजे आहे पण सुरू होत नाही. ३९ म्हणजे फाइल बिघडली किंवा गहाळ. ४३ म्हणजे त्या वस्तूनेच तक्रार केली, आणि यूएसबीवर हा कोड आला तर पोर्ट किंवा वस्तू दोघांपैकी एक खराब असू शकतं. ५२ म्हणजे ड्रायव्हरवरची कंपनीची डिजिटल सही विंडोजला पटली नाही.

२८ असेल तर 'डिटेल्स' मध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. लांबलचक ओळीत 'व्हेन' नंतर चार अक्षरं येतात, ती कंपनी : ८०८६ इंटेल, १०ईसी रियलटेक, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी, १४ई४ ब्रॉडकॉम. 'डेव्ह' नंतरची चार म्हणजे मॉडेल. ती ओळ कॉपी करून शोधली की वस्तूचं खरं नाव मिळतं.

लॅनचाच ड्रायव्हर नसेल आणि नेट नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. टेनवर बहुतेक वेळा ते लगेच चालतं.

ड्रायव्हर अपडेट करणारं एखादं सॉफ्टवेअर सुचवा.

नाही सुचवत. जुन्या मशीनला 'नवा' ड्रायव्हर नको असतो, 'बरोबर' हवा असतो, आणि तो बहुधा त्या बोर्डाच्या पानावरचा शेवटचा असतो. ती सॉफ्टवेअर्स जवळचं दिसेल ते बसवतात आणि सोबत दोन टूलबारही.

क्रम असा ठेवा : चिपसेट, मग साटा कंट्रोलर, मग डिस्प्ले, साउंड, लॅन. बोर्डाचं मॉडेल मदरबोर्डवरच छापलेलं असतं, पीसीआयच्या खाचांच्या आसपास. कंपनीच्या साइटवरून जुने ड्रायव्हर उडालेलेही असतात. इंटेलने आपल्या जुन्या डेस्कटॉप बोर्डांचं असं सामान २०१९ च्या अखेरीस काढून टाकलं. म्हणून मिळाले की पेन ड्राइव्हवर ठेवून द्या. चालू असलेलं मशीन 'अपडेट' करायला जाऊ नये हे माझं मत आहे. टेनने आपण होऊन डिस्प्लेचा ड्रायव्हर बदलला आणि बिघडलं, तर 'ड्रायव्हर' टॅबवर 'रोल बॅक' आहे.

विंडोज पुन्हा टाकायचंय, सीडी हरवली. आहेत ते ड्रायव्हर जपता येतील?

सेव्हन आणि टेनमध्ये येतात. विंडोजच्या फोल्डरात सिस्टिम ३२, त्यात ड्रायव्हरस्टोअर, त्यात फाइलरिपॉझिटरी. ते पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा. नवं विंडोज टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'माझ्या कॉम्प्युटरवर शोधा' म्हणून त्याच फोल्डरकडे बोट दाखवा, 'सबफोल्डर' ची खूण ठेवून. विंडोज सुरू होत नसेल तरी लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून हे फोल्डर काढता येतं. अट एकच, नवं विंडोज तेच आणि तितक्याच बिटचं हवं. ६४ बिटच्या विंडोजला ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही.

डीटीपीचं मशीन आहे. विंडोज बदललं आणि मराठी पॅकेजची डोंगल (पॅकेज चालायला पोर्टला लावावी लागणारी चावी) ओळखेना.

डोंगललाही ड्रायव्हर लागतो, हे पॅकेज टाकणाऱ्याने कधी सांगितलेलं नसतं. डोंगल काढून ठेवा, आधी ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट, मगच डोंगल लावा. उलट क्रमाने विंडोज भलतंच काहीतरी जोडून ठेवतं. प्रिंटर पोर्टला लागणारी जुनी डोंगल असेल तर बाजारातली यूएसबी ते प्रिंटर पोर्ट केबल उपयोगाची नाही. ती छपाईपुरती असते, डोंगलला खरं पोर्ट हवं. अशा मशीनवर ३२ बिटचंच विंडोज ठेवा, आणि ते इंटरनेटपासून तोडून ठेवा. एक्सपीची सुरक्षा अपडेट २०१४ मध्ये संपली, सेव्हनची २०२० मध्ये, टेनची नेहमीची १४ ऑक्टोबर २०२५ ला.

सेव्हनवर नवा ड्रायव्हर टाकला की कोड ५२ येतो.

नंतरच्या काळातल्या ड्रायव्हरवर एसएचए-२ पद्धतीची सही असते, आणि जुनं सेव्हन ती ओळखत नाही. सर्व्हिस पॅक १ आणि मग केबी ४४९०६२८ व केबी ४४७४४१९ ही दोन अपडेट टाका. सेव्हनच्या सीडीत यूएसबी ३ चा ड्रायव्हरही नाही. निळ्या पोर्टला लावलेला कीबोर्ड इन्स्टॉलच्या वेळी मेल्यासारखा वाटला तर काळ्या पोर्टला लावा.

एवढ्या जुन्या मशीनला एसएसडी लावण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि इतर कशाहीपेक्षा जास्त आहे. साटा-२ च्या बोर्डावर ती सेकंदाला अडीचशे एमबीच्या आसपास थांबेल, तिच्या निम्म्या ताकदीवर. तरी फरक पडतो, कारण हार्ड डिस्कला प्रत्येक तुकड्यासाठी हेड हलवायला आठ-दहा मिलिसेकंद लागतात आणि एसएसडीला हेडच नाही. सेव्हन आणि टेनवर लावा. एक्सपीला ट्रिम, म्हणजे पुसलेल्या जागा एसएसडीला कळवणं, येत नाही, तिथे हट्ट नको.

वीज जोडताना मोलेक्सवरून (विजेच्या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून) साटा करणारं अॅडॅप्टर लागलं तर ज्याचं प्लास्टिक तारांवर ओतून एकजीव केलेलं असतं ते टाळा. त्यात आत तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं बरीच आहेत. दाबून बसवलेल्या तारांचं घ्या.

दुकानात न्यायचंच झालं तर काय सांगून द्यावं?

'चालू होत नाही' एवढंच सांगितलं तर बहुतेक ठिकाणी फॉरमॅट मारून परत मिळतं. कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवा : फॉरमॅट करू नये, डेटा हवा आहे, डिस्क बदलल्यास जुनी परत द्यावी. स्मार्टचा स्क्रीनशॉट फोनवर ठेवा आणि डिस्कच्या सिरियल नंबरचा फोटोही. एसएमपीएस आणि सेल तपासून मगच डिस्कवर या, असं नम्रपणे म्हणा. पुण्यात तापकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर जुनी केबल, आयडीईची पट्टी, वापरलेला एसएमपीएस असं सुटं सामानही मिळतं. वापरलेली हार्ड डिस्क मात्र तिथल्या तिथे लॅपटॉपला लावून ०५ आणि सी-५ बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि 'पॉवर ऑन अवर्स' ही वाचा. पाच वर्षं अखंड चाललेल्या डिस्कवर तिथे त्रेचाळीस हजारांच्या पुढचा आकडा असतो.